ठिबकणारा नळ आणि आपली जबाबदारी



इशाची नमाज आटोपून घर शांत झाले की अनेक घरांत स्वयंपाकघरातून एक आवाज ऐकू येऊ लागतो. टप्... टप्... टप्. दिवसाच्या गडबडीत तो कानावर पडत नाही. रात्री मात्र तो स्पष्ट ऐकू येतो आणि आपण ‘उद्या पाहू’ असे म्हणून कूस बदलतो. त्या ‘उद्या’चे आठवडे होतात, आठवड्यांचे महिने होतात. यातूनच एक प्रश्न उभा राहतो. जे पाणी आपण सांडले नाही, जे वाया घालवण्याचा आपला हेतूही नव्हता, त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल काय?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझ्याच घरातील नळ दोन महिने ठिबकत होता. पत्नीने तीन-चार वेळा सांगितले. मी नळाखाली एक पातेले ठेवले आणि प्रश्न सुटला असे मानले. रात्री ते पातेले भरून वाहत असे, पण तेव्हा आम्ही झोपेत असू. एके दिवशी भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी विचारले, “भाऊ, हे पातेल्यातलं पाणी तुम्ही फेकून देणार असाल, तर मी कॅनमध्ये भरून नेऊ का? आमच्याकडे चार दिवसांनी टँकर येतो.” त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. मी मात्र मान खाली घातली.

प्रथम हिशेब पाहू. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला 86,400 थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी जाते. वर्षाला ते दीड हजार लिटरांच्या पुढे जाते. आता हे आठवा की, पैगंबर हजरत मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वजू करीत, असे हजरत अनस (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. म्हणजे आपला एक नळ दररोज कित्येक वजूंचे पाणी मोरीत सोडून देतो, आणि आपण पहाटे उठून त्याच नळाशेजारी वजू करतो!

यावर मन तीन सबबी पुढे करते. पहिली सबब: ‘पाणी माझे आहे, मी त्याची पट्टी भरतो.’ परंतु पट्टी भरली जाते ती पाणी घरापर्यंत आणण्याची. आकाशातून पाणी उतरवणारा अल्लाह आहे आणि आपल्या हाती ते अमानत म्हणून आले आहे. शिवाय खाण्यापिण्याची परवानगी देताना कुरआनने उधळपट्टीस (इस्राफ) मनाई केली आहे. ज्यावर आपला हक्क आहे, त्याच वस्तूंबाबत ही मनाई आहे. दुसऱ्याची वस्तू उधळणे हा तर वेगळाच गुन्हा झाला.

दुसरी सबब: ‘आमच्याकडे पाणी मुबलक आहे.’ हजरत साद (रजि.) वजू करीत असताना पैगंबरांनी (स.) त्यांना अधिक पाणी वापरण्याबद्दल टोकले. वजूतही उधळपट्टी असते काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा वाहत्या नदीकाठी असलात तरी असते, असे उत्तर मिळाले. ही हदीस इब्ने माजाच्या संग्रहात आहे. तिच्या सनदीविषयी तज्ज्ञांनी चर्चा केली असली, तरी तिचा आशय कुरआनच्या शिकवणुकीशी सुसंगत आहे. नदीचे पाणी आटेल म्हणून ही मनाई नाही. माणसाच्या मनातील कृतज्ञता आटू नये म्हणून ती आहे. आणि मुबलकतेचा भरवसा तरी किती धरावा? एप्रिल 2016 मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट फार जुनी नाही.

तिसरी सबब सर्वांत बळकट वाटते: ‘मी मुद्दाम केलेले नाही.’ विसरणे आणि नकळत चूक होणे यांस इस्लाममध्ये क्षमा आहे, हे खरेच. परंतु ही सवलत कोठवर आहे? नळ पहिल्या रात्री ठिबकला, तो दोष नळाचा. तो मी ऐकला, ओळखला आणि तरीही कूस बदलली, त्या क्षणापासून दोष माझा झाला. कळल्यानंतरच्या दिरंगाईला विसर म्हणता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, कारखाने आणि बागायती अफाट पाणी ओढत असताना थेंब मोजत बसण्यात काय अर्थ? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. नळ दुरुस्त करून सामाजिक अन्यायाविषयी गप्प बसणे, हीसुद्धा पळवाटच होय. पण दुसऱ्याच्या मोठ्या अपराधाने माझा लहान अपराध धुतला जात नाही. ज्याच्या हाती जेवढा नळ, तेवढा जाब त्याला. त्याचबरोबर याचा वसवसाही होऊ देऊ नये. एखादा थेंब सांडला म्हणून घरच्यांवर ओरडणे हा संयम नव्हे.

आता काम पाहू, कारण ते खरोखर लहान आहे. जुन्या पद्धतीच्या फिरकीच्या नळात आत रबराचा वायसर असतो. तो झिजला किंवा कडक झाला की पाणी पाझरते. मग आपण नळ अधिकाधिक जोराने आवळतो आणि त्याने वायसर आणखीच चिरडतो. आधी मुख्य कॉक बंद करावा, नळ उघडून उरलेले पाणी काढावे, पान्ह्याने वरचा भाग सोडवावा, जुना वायसर काढून त्याच मापाचा नवा बसवावा. वायसर काही रुपयांना मिळतो, काम अर्ध्या तासाचे. जमत नसेल तर प्लंबरला बोलवावे आणि त्याची मजुरी वेळेवर द्यावी.

हे काम पुरुषाला कमीपणाचे वाटू नये. पैगंबर (स.) घरी काय करीत, असे विचारले असता हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ झाली की निघत. आपले जोडे व वस्त्रेही ते स्वतः दुरुस्त करीत, असे अन्य हदीसमध्ये आहे.

मी नळ दुरुस्त केला त्या रात्री घर शांत होते. पण त्या बाईंच्या वस्तीत टँकर अजूनही चार दिवसांनीच येतो. आता त्या जाताना आमच्याकडून भरलेले कॅन नेतात. वायसर बदलून माझे काम संपले, असे मला म्हणता येत नाही.

प्रत्येक नेमतीविषयी आपल्याला विचारले जाईल, असे कुरआनच्या सूरह तकासुरने बजावले आहे. तेव्हा आज रात्री दिवे मालवल्यावर क्षणभर कान द्या. आवाज आला, तर उद्यावर ढकलू नका. अल्लाह तआला आपणा सर्वांना त्याच्या देणगीची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.