पाणी कोण चढवते?



सोलापूरकडच्या शेतकरी वारकऱ्याला सांगायला नको, की उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की काठावरची मोटार विहिरीत उतरवावी लागते. मोटार तीच, पाणी तेच. मग काठावरून का येत नाही? आपण म्हणतो, मोटार पाणी ओढते. खरे पाहता ती ओढत नाही. ती पाइपातले पाणी पुढे फेकते आणि मागे पोकळी करते. या पोकळीला निर्वात म्हणतात. ती पुरती निर्वात नसते, पण तिथला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. मग विहिरीच्या पाण्यावर बसलेले हवेचे वजन पाण्याला पाइपात वर दाबते. हे वजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो. इटलीत टोरिचेलीने 1643 च्या सुमारास पाऱ्याच्या नळीवर ते दाखवले. एवढ्या वजनाने पाणी फार तर 10 मीटर चढते. आपला जिल्हा समुद्रापासून उंच, शिवाय पाइपातली तूट. म्हणून 20-25 फुटांवरच भागवावे लागते. पुढे कितीही अश्वशक्ती लावा, पाणी येत नाही.

आता आपले पाहा. 'मन रिकामे करा, देव आपोआप येईल,' असे आपण सहज बोलतो. पण रिकामेपणाला स्वतःचे बळ कुठे आहे? मी उपास केले, इतक्या वाऱ्या केल्या, म्हणून देवाला यावेच लागेल, असे म्हणणे म्हणजे पाइपाने पाणी मी आणले म्हणण्यासारखे. कृपेचा भार सगळीकडे सारखाच आहे. अंतर वाढले तर खाली आपण उतरायचे. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ते मला या उतरण्यासारखे वाटते.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची. पोकळीला निवड नसते. पाइपाचे तोंड पाण्याबाहेर राहिले तर ती हवेने भरते, गाळात रुतले तर गाळाने. एकादशीला आपण पोटातून धान्य काढतो. तिथे साबुदाणा जातो आणि दुपारभर शेजाऱ्याच्या उखाळ्यापाखाळ्या! गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला निवाऱ्यातल्या दिव्याची उपमा दिली आहे. तिथला शब्द निवात आहे, निर्वात नाही. वारा नको, पण हवा हवीच. खऱ्या निर्वातात तो दिवा विझेल.

माळ घालून दारू सोडलेला माणूस आठवा. त्याची संध्याकाळ रिकामी होते. सोडण्याचे कौतुक आपण करतो आणि घरी जातो. त्याच वेळी जुने सोबती पारावर जमलेले असतात, हाक मारायला त्यांना कष्ट पडत नाहीत. देवळात सातला हरिपाठ असतो. त्याला सोबत घेऊन यायला, निदान पहिले काही महिने, आपल्यापैकी कुणीतरी रोज त्याच्या दाराशी जायला हवे.