साधनविवेक

मुलगा अथवा मुलगी चित्रकलेत, छायाचित्रणात किंवा अक्षरांच्या सजावटीत रमू लागली, की घरातील वडीलधारी मंडळी अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात : "याने कोणते सॉफ्टवेअर शिकावे?" धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. तुळजापूर, उमरगा, कळंब अशा गावी लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करून कित्येक तरुण पोट भरतात. पावसावर हवाला ठेवणाऱ्या शेतीपेक्षा संगणकापुढची खुर्ची त्यांना अधिक भरवशाची वाटते. उत्तरादाखल एखादे नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे. परंतु या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो नीतिविचाराचा आहे. साधन निवडताना मनुष्य केवळ आपली सोय निवडतो, की आपल्या आचरणाची दिशाही निवडतो?

कोणी म्हणेल, साधन हे निर्जीव. गुणदोष काय ते हाताचे. या म्हणण्यात तथ्य आहे. ज्याच्या नजरेला रंगांचा मेळ कळत नाही, त्याला कितीही महागडे साधन दिले तरी त्याचे चित्र बेसूरच राहणार. तथापि हे सत्य अर्धेच होय. आमच्या जिल्ह्यातील तेर येथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळच्या मातीच्या मूर्ती आहेत. त्यांपैकी अनेक दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत : एका साच्यात पुढची बाजू, दुसऱ्यात मागची, आणि मग दोहोंची सांधणी. साच्यामुळे मूर्ती पुष्कळ निघाल्या. पण साच्यामुळेच त्यांचे चेहरेही एकसारखे झाले. यात निंद्य काही नाही. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, म्हणून तर लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे सामान्यांच्या भिंतीवर आली. सांगावयाचे एवढेच की, प्रत्येक साधन काही गोष्टी सुलभ करते व काही दुष्कर. जे सुलभ ते वारंवार घडते, जे वारंवार घडते त्याची सवय होते, आणि सवयींच्या बेरजेलाच आपण स्वभाव म्हणतो. तयार नमुन्यात नाव आणि फोटो बसवून पाच मिनिटांत पत्रिका करून देणारी साधने आज हाताशी आहेत. त्यांची सवय जडलेल्या तरुणाला कोरा कागद परका वाटू लागला, तर दोष साच्याचा नव्हे. पण साचा त्या दोषाचा सोबती खासच.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिला निकष कामाच्या स्वरूपाचा. 1990 साली बाजारात आलेले फोटोशॉप मुख्यतः छायाचित्राच्या संस्कारासाठी. त्याआधी एक वर्ष आलेले कोरल ड्रॉ रेषा, आकृती आणि पाट्या यांसाठी. अमेरिकेतील बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी 1995 साली आरंभिलेले गिम्प पहिल्या जातीचे, 2003 सालापासूनचे इंकस्केप दुसऱ्या जातीचे, आणि क्रिटा हाताने चित्र रंगविणाऱ्यांचे. शेवटची तिन्ही विनामूल्य आहेत. इतकेच नव्हे, तर त्यांची अंतर्रचना कोणासही पाहता व बदलता येते.

दुसरा निकष आपल्या लिपीचा. मराठी जोडाक्षरे नीट जुळविणे हे परदेशी साधनांना दीर्घकाळ जमले नाही. म्हणून आमच्या कारागिरांनी खास फॉन्टांच्या आडवाटा शोधल्या. त्यात अक्षर दिसे मराठी, पण यंत्राच्या लेखी ते रोमन चिन्हच राही. 1991 सालच्या युनिकोडने देवनागरीला सर्वमान्य संकेत दिले, आणि र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरतज्ज्ञाने 'मंगल' हा फॉन्ट सिद्ध करून ते संकेत पडद्यावर वाचनीय केले. 2023 साली जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले. ज्याने आपल्या जुन्या कामांत अक्षरे अक्षरे म्हणून राखली असतील, त्याला शब्द बदलणे क्षणाचे काम. ज्याने त्यांच्या नुसत्या आकृती करून ठेवल्या, त्याला पाटी मुळापासून मांडणे आले. आज केलेले काम उद्या आपल्यालाच दुरुस्त करावे लागेल, ही जाणीव साधनाच्या निवडीत असावी.

तिसरा निकष स्वामित्वाचा. 2013 साली फोटोशॉपच्या कंपनीने नव्या आवृत्त्या एकरकमी विकण्याऐवजी भाड्याने देण्याचे धोरण जाहीर केले. भाडे घेणे अन्यायाचे नव्हे. घरही आपण भाड्याने घेतोच. पण भाडे थकले की तयार चित्र हाती राहते, आणि ज्या मूळ थरांतून ते उभे राहिले ते त्या साधनावाचून पूर्णपणे हाताळता येत नाहीत. चाकाचा हप्ता चुकला म्हणून कुंभाराला गतवर्षीच्या आपल्याच मडक्याची डागडुजी करता येऊ नये, तशातलीच ही गत. ज्याची मिळकत नियमित आहे त्याने हा करार खुशाल करावा. हंगामी मिळकतीच्या माणसाने तो डोळे उघडे ठेवून करावा.

येथे सर्वांत नाजूक मुद्दा उपस्थित होतो. कित्येक ठिकाणी हा करार कोणी करीतच नाही. चोरीची प्रत घेऊन काम चालते. 1957 च्या स्वामित्व हक्क कायद्यातील कलम 63 ब प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. पण केवळ कायद्याचा धाक दाखवून नीतीचा प्रश्न सुटत नाही. तरुण म्हणतो, "कंपनी कोट्यधीश, मी कफल्लक, मी प्रत घेतल्याने तिच्या पेटीतला एक रुपया कमी होत नाही." हा युक्तिवाद पोकळ नाही; त्यामागे खरी ओढग्रस्त आहे. परंतु याच तरुणाने रात्रभर जागून केलेली पत्रिका शेजारच्या दुकानदाराने तशीच उचलली, तर तो काय म्हणेल? त्याच्याही पेटीतला रुपया गेलेला नसतो. तरी आपल्यावर अन्याय झाला असे त्याला वाटते, आणि ते योग्यच वाटते. जो न्याय आपण स्वतःच्या श्रमासाठी मागतो, तो परक्याच्या श्रमाला नाकारता येत नाही. पूर्वी गरजेची सबब तरी होती. उत्तम साधने विनामूल्य मिळत असता आता उरते ती बहुधा सवयीची सबब.

'बहुधा' हा शब्द मी जाणूनबुजून घातला आहे. छापखानदार विशिष्ट साधनातलीच फाईल मागतो. छपाईच्या चार शायांचे गणित मांडण्यात गिम्प अजून उणे पडते. आणि नोकरी देणाराही ओळखीचेच नाव विचारतो. हा भार एकट्या होतकरू मुलाच्या शिरी टाकणे अन्यायाचे होय. त्याचा मोठा वाटा शिकविणाऱ्यांनी उचलावयास हवा. जी शिक्षणसंस्था चोरीच्या प्रतीवर धडे देते, ती एकाच तासात दोन विषय शिकविते, आणि विद्यार्थ्याच्या ध्यानी दुसराच अधिक राहतो.

शेवटचा निकष सत्याचा. आजोबांच्या जीर्ण छायाचित्रावरचे डाग पुसणे ही सेवा होय. पुढाऱ्याच्या पाठीमागे नसलेली गर्दी उभी करणे ही खोटी साक्ष होय. पाहणारा ज्या चित्राला पुरावा मानतो त्यात फेरफार करू नये. ज्याला तो अलंकार मानतो त्यात कल्पनेला मोकळीक असावी, हा नियम मला पुरेसा वाटतो. मधली प्रकरणे मात्र कठीण असतात. लग्नाच्या छायाचित्रात वधूचा सावळा वर्ण उजळून द्या, अशी घरच्यांची मागणी असते. कारागीर म्हणतो, गिऱ्हाइकाचे ऐकावे लागते. पण त्या मुलीने तो फोटो जन्मभर पाहावयाचा असतो, आणि तुझा रंग आम्हांला पसंत नव्हता, हेच तो तिला सांगत राहतो. जेथे एका कळीसरशी असे घडते, आणि नव्या यंत्रबुद्धीच्या साधनांत तर नसलेले सारेच काही शब्दासरशी उभे राहते, तेथे 'नाही' म्हणण्याचे बळ बाहेरून येणार नाही. ते कारागिराने स्वतःच आणले पाहिजे.

तेर हे गोरोबाकाकांचे गाव. तेथे जमलेल्या संतमंडळींच्या मस्तकांवर त्यांनी थापटणे मारून कोण पक्का व कोण कच्चा याची परीक्षा केली, आणि नामदेवांना कच्चे ठरविले, अशी आख्यायिका आहे. ज्या थापटण्याने मडके घडवावयाचे, त्यानेच माणूसही पारखावयाचा, हे त्या कथेतले मर्म मला फार मोलाचे वाटते. म्हणून विचारणाऱ्या पालकांना मी सांगतो : आरंभ मुक्त साधनांनी करू द्या, धंद्याने मागितलेच तर विकतचे साधन पैसे मोजून घ्या, आणि मुलाने काय केले हे पाहताना, काय करावयास तो नकार देतो, हेही पाहत चला. कथेतले नामदेव कच्चे ठरले ते कायमचे नव्हे. पुढे त्यांनी गुरू केला आणि ते पक्के झाले. आमची मुलेही होतील, मात्र त्यांची पारख करणाऱ्यांनी आपल्या डोक्यावर थापटणे सोसण्याची तयारी आधी ठेवली पाहिजे.