शत्रूशी तह, मुलाशी अबोला

बेंजामिन फ्रँकलिनने १७७१ मध्ये आत्मचरित्र लिहायला घेतलं, ते मुलाला लिहिलेल्या पत्राच्या रूपात. हा मुलगा विल्यम. विवाहबाह्य संबंधातून झालेला, पण फ्रँकलिनने त्याला स्वतःच्या घरात वाढवलं. १७५२ च्या पतंगाच्या प्रयोगात वडिलांसोबत तोच होता. १७६२ मध्ये ब्रिटिश राजाने त्याला न्यू जर्सीचा गव्हर्नर नेमलं, तेव्हा बापही राजनिष्ठच होता.

पुढे बाप बदलला. १७७४ मध्ये लंडनला राजाच्या सल्लागार मंडळासमोर, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलसमोर, त्याचा जाहीर पाणउतारा झाला आणि टपालखात्यातलं पदही गेलं. मुलगा मात्र राजाला दिलेल्या शब्दाला चिकटून राहिला. १७७६ मध्ये बापाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. त्याच उन्हाळ्यात मुलगा बंडखोरांच्या कैदेत गेला. पुढच्या वर्षी त्याची पत्नी एलिझाबेथ अंथरुणाला खिळली. तिला भेटू द्यावं, अशी विनंती त्याने बंडखोरांचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनला केली. वॉशिंग्टनने ती अमेरिकी काँग्रेसपुढे ठेवली, काँग्रेसने ती फेटाळली. नवऱ्याची भेट न होताच एलिझाबेथ न्यू यॉर्कमध्ये वारली.

सुटकेनंतर विल्यमने राजनिष्ठांच्या सशस्त्र टोळ्या उभ्या केल्या. तेव्हा बापाचा राग अनाठायी होता, असं म्हणता येत नाही. पण १७८३ मध्ये याच फ्रँकलिनने ब्रिटनशी तह केला. पुढच्या वर्षी मुलाने समेटासाठी पत्र लिहिलं. फ्रँकलिनने त्याला बजावलं, की रक्ताच्या नात्याची कर्तव्यं राजकारणाच्या आधी येतात. तत्त्व रास्तच होतं. ते त्याने स्वतःला लावलं नाही. १७८५ मध्ये साउदॅम्प्टनला दोघं भेटले, पण मनं जुळली नाहीत. व्यवहार तेवढे मिटवले गेले. मृत्युपत्रात मुलाला फारसं काही न देण्याचं कारणही त्याने नोंदवलं: युद्धात तो विरोधात गेला.

मला हे सलतं. ज्या माणसाने स्वतः उमेदवारीचा करार झुगारून, थोरल्या भावाचा छापखाना सोडून वयाच्या सतराव्या वर्षी बॉस्टनहून पळ काढला, त्याला मुलाचं वेगळं मत पचलं नाही. परक्याचा विरोध आपण मतभेद म्हणून सोसतो, घरच्याचा विरोध मात्र विश्वासघात ठरवतो. देशादेशांत तह होतात, कारण दोघांनाही लढाई परवडत नाही. घरात तशी सक्ती नसते. तिथे कुणीतरी आपणहून पुढे यावं लागतं, आणि ती जबाबदारी जिंकलेल्याची अधिक असते. १७८४ मध्ये जिंकलेला बाप होता.