पुस्तकाविना वर्ग

चीनमधल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायला गेलेल्या परदेशी मास्तराची पहिल्या सत्रातली तक्रार बहुधा ठरलेली असते. मुलं घोकतात फार आणि बोलत काहीच नाहीत. सकाळी तो वर्गाकडे निघतो तेव्हा तळ्याकाठी, झाडाखाली, जिन्याच्या वळणावर मुलंमुली एकेकटी उभी राहून मोठ्यानं इंग्रजी वाचत असतात. परिच्छेदामागून परिच्छेद, न अडखळता. तासाभरानं त्यांतलीच काही त्याच्यासमोर बाकांवर येऊन बसतात. तो विचारतो, ''तुम्हाला काय वाटतं?'' आणि वर्ग चिडीचूप. कुणी वहीत डोकं घालतं, कुणी शेजाऱ्याकडे बघतं. अखेर वर्गाची मॉनिटर कर्तव्य म्हणून उठते, दोन वाक्यं बोलते आणि बसते. ती वाक्यंही बहुधा पाठ केलेलीच.

या गप्प बसण्याला कारण आहे. ही मुलं 'गाओकाओ' ही प्रवेशपरीक्षा देऊन इथवर आलेली असतात. दर जूनमध्ये होणाऱ्या या परीक्षेवर घरादाराचं लक्ष लागलेलं असतं. बहुतेक प्रांतांत तिचे एकूण गुण 750, त्यांत इंग्रजीचे 150. पण इंग्रजी बोलण्याचे गुण या बेरजेत सहसा धरत नाहीत. विद्यापीठात आल्यावर पुन्हा 1987 पासून चालत आलेली 'सीईटी-फोर' ही इंग्रजीची परीक्षा उभीच. व्याकरण आणि वाचन चिनी शिक्षक शिकवतात, परदेशी मास्तराच्या वाट्याला संभाषणाचा तास येतो. म्हणजे ज्याला आजवर कुणी गुण दिले नाहीत, नेमकं तेच शिकवायला हा आलेला. त्यात चारचौघांत चुकीचं बोललो तर हसं होईल, आणि बरोबर बोललो तर शहाणपणा मिरवला असं दिसेल, ही दुहेरी धास्ती. मास्तर मात्र घरी कळवून मोकळा होतो : 'यांना स्वतःचं मत नाही, नुसतं पाठांतर आहे.'

हे वाचून आपणही मान डोलावतो, कारण घोकंपट्टी हा शब्द आपल्याकडेही आता शिवीसारखाच वापरला जातो. पण चीनमधल्या परदेशी इंग्रजी मास्तरांच्या गोष्टीत एक पान असं आहे, की तिथे घोकणारा आणि नावं ठेवणारा यांच्या जागाच बदलल्या.

1937 साली विल्यम एम्प्सन हे इंग्रज कवी आणि समीक्षक पेकिंग विद्यापीठात शिकवायला निघाले. वय तिशीच्या जरासं पुढे. कवितेतल्या एकेका शब्दाचे आणि ओळीचे किती अर्थ निघू शकतात, हे उलगडून दाखवणारं त्यांचं पुस्तक 1930 मध्येच गाजलं होतं. ते पोचण्याच्या सुमारासच जपानशी युद्ध पेटलं आणि शहर पडलं. पेकिंग, छिंगह्वा आणि नानकाई ही तीन विद्यापीठं एकत्र होऊन दक्षिणेला हुनान प्रांतात गेली. त्यांतल्या कला शाखेनं हंगशान या पवित्र पर्वताच्या पायथ्याशी, नानयुए इथे बिऱ्हाड थाटलं. प्राध्यापक आले, विद्यार्थी आले. ग्रंथालयं मात्र मागेच राहिली.

इंग्रजी कविता शिकवायची आणि कवितेचं पुस्तक नाही. एम्प्सन यांनी मग आपल्याला पाठ असलेल्या कविता आठवून आठवून टंकलेखन यंत्रावर उतरवल्या, फळ्यावर लिहिल्या. विद्यार्थ्यांनी त्या वहीत उतरवून घेतल्या. तेवढ्या कागदावर वर्ग चालला. कुठे संदर्भग्रंथ नाही, कवितेवर कोण काय म्हणाला ते सांगणारी टीकाटिप्पणी नाही. समोर फक्त ओळी, आणि त्या ओळींना प्रश्न विचारणारा एक माणूस.

यात मला सर्वांत लक्षात घेण्याजोगं वाटतं ते असं, की शब्दांची इतकी बारीक चिरफाड करणाऱ्या माणसालाच त्या कविता मुखोद्गत होत्या. समजून घेणं एका बाजूला आणि पाठ करणं दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. एम्प्सन यांच्या बाबतीत ती लागू पडत नाही. एखादी ओळ वर्षानुवर्षं जिभेवर घोळल्याशिवाय तिच्यातला तिसरा किंवा चौथा अर्थ सापडतच नाही. पहिल्या वाचनात हाती लागतो तो वरवरचा अर्थ, बाकीचे सवडीनं दार उघडतात.

1938 च्या सुरुवातीला युद्ध जवळ आलं तसं हे विद्यापीठ आणखी आत, युन्नान प्रांतात हललं. विद्यार्थ्यांची एक तुकडी काही प्राध्यापकांसह हुनानमधल्या चांगशाहून युन्नानमधल्या खुनमिंगपर्यंत, सुमारे 1,600 किलोमीटर, मुख्यतः पायी गेली. तिच्यात एक तरुण कवी होता. मू दान या नावानं तो पुढे ओळखला गेला. असं सांगतात, की चालताना त्याच्या हातात इंग्रजी-चिनी शब्दकोश असे. एक पान पाठ झालं की तो ते फाडून टाकी आणि पुढच्या पानाला लागे. मुक्काम जवळ येत गेला तसा शब्दकोश पातळ होत गेला.

आता हीसुद्धा घोकंपट्टीच, आणि तीही कवितेची नव्हे, चक्क शब्दकोशाची. पण या मुलाला खुनमिंगला परीक्षा द्यायची नव्हती, एम्प्सन यांच्या वर्गात बसून आधुनिक कविता वाचायची होती. पुढे तो विसाव्या शतकातल्या थोर चिनी कवींमध्ये गणला गेला. 1958 मध्ये त्याच्यावर प्रतिक्रांतिकारक असा शिक्का बसला आणि शिकवणं काढून घेऊन, तो शिकवत होता त्या विद्यापीठाच्याच ग्रंथालयात त्याला देखरेखीखाली राबवण्यात आलं. स्वतःची कविता छापणं शक्य नव्हतं. त्या वर्षांत त्यानं बायरनच्या 'डॉन जुआन' या प्रचंड काव्याचा चिनी अनुवाद केला. 1977 मध्ये तो गेला आणि अनुवाद 1980 मध्ये छापून आला. एम्प्सन यांच्या त्याच वर्गातल्या शू ग्वोझांग यांची इंग्रजीची पाठ्यपुस्तकं कित्येक वर्षं चीनभर चालली. वाटेत फाडलेली आणि फळ्यावरून उतरवलेली पानं कुठवर पोचली, ते यावरून कळावं.

आणखी एक मास्तर. पीटर हेस्लर हे अमेरिकी लेखक 1996 ते 1998 या काळात यांगत्से नदीकाठच्या फूलिंग या आडबाजूच्या शहरातल्या शिक्षक महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांच्या घरचे. 'रिव्हर टाउन' या पुस्तकात त्यांनी नोंदलं आहे, की त्या प्रत्येकाला निदान डझनभर जुन्या चिनी कविता तोंडपाठ होत्या. अमेरिकेत त्यांना असं सहसा दिसलं नव्हतं. म्हणून शेक्सपिअरचं सुनीत या मुलांसमोर ठेवलं तेव्हा वृत्त, यमक, ओळींची बांधणी यांचं त्यांना अप्रूप नव्हतं, ओळख होती. आणि मुलं बोलत नाहीत म्हणावं, तर श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा रॉबिन हूड आजच्या चीनला आदर्श म्हणून चालेल का, असा विषय निघाल्यावर वर्गात चांगलाच वाद रंगला. 'तुम्हाला काय वाटतं' या मोघम प्रश्नाला मुलं दाद देत नाहीत. ज्याच्या उत्तरानं आपल्या घरातलं, गावातलं काही हलेल, असा प्रश्न आला की त्यांना तोंड फुटतं.

आपल्याकडे अक्षरओळख नसलेल्या वारकऱ्याला हरिपाठ मुखोद्गत असतो. त्याला कुणी अर्थ समजावून मग पाठ करायला लावलेलं नसतं. आधी ओठांवर आलं, अर्थ नंतर संसार करता करता, सुखदुःखाच्या प्रसंगी कळत गेला. संध्याकाळी दिवा लागल्यावर परवचा म्हणणाऱ्या पोरांनाही सगळं कुठे कळत होतं? पण गरज पडली तेव्हा शोधायला कुठे जावं लागलं नाही.

म्हणजे घोकंपट्टीला माफी आहे असं नाही. पाठांतर करून घ्यायचं आणि त्याला कधी प्रश्नच विचारायचा नाही, हा अन्याय चीनमध्येही होतो आणि आपल्याकडेही. तळ्याकाठी मोठ्यानं वाचणाऱ्या त्या मुलीजवळ साठा आहे, त्याला हात घालणारा प्रश्न तिला अजून कुणी विचारलेला नाही. परदेशी मास्तराचं खरं काम इथून सुरू होतं. तिची कीव करून ते होणार नाही.

आणि आपलं काम? मुलांना 'घोकू नका' असं आपण उठताबसता सांगतो. मग त्यांच्या ओठांवर काय राहू दिलं, याचाही हिशेब द्यायला हवा. गाइडमधली उत्तरं पाठ करणारा मुलगा निकालानंतर आठवड्याभरात रिकामा होतो हे खरंच आहे. पण ज्यानं काहीच पाठ केलं नाही, त्याला रिकामं व्हायला तेवढाही वेळ लागत नाही.