घरचा धंदा आणि घरचा हिशेब

पतिपत्नींनीं मिळून एखादा लहान हस्तधंदा आरंभिला, म्हणजे त्या घरांत एक वाक्य लवकरच ऐकूं येतें: "घरच्याच माणसांत हिशेब कसला?" वरवर पाहतां हें बोलणें प्रीतीचें वाटतें. तें खरोखर प्रीतीचें आहे काय, ह्याचा आज विचार करूं.

आपल्या माण तालुक्यांत पाऊस थोडा आणि मेंढरें पुष्कळ. म्हणून घोंगडी विणणें हा ह्या प्रांताचा जुना धंदा. एका घोंगडीस किती हात लागतात तें पाहा. लोकर कातरावी, निवडावी, पिंजावी. मग चरख्यावर सूत कातावें. ताणा करावा, त्यास चिंचोक्यांची खळ लावून तो उन्हांत वाळवावा. तेव्हां कोठें माग चालू होतो. विणणारा बहुधा पुरुष, कातणारी बहुधा स्त्री. परंतु बाजारांत जातो विणकर, पैसे येतात त्याच्या हातीं, आणि कातणारीच्या श्रमास नांव मिळतें 'मदत'.

ह्या एका शब्दानें दोन हानि होतात. पहिली धंद्याची: कातणारीचे दिवस किंमतींत धरलेच नाहींत, तर घोंगडी तोट्यांत विकूनही नफा झाला असें वाटतें. दुसरी हानि मनाची, आणि ती अधिक मोठी आहे.

म्हसवड येथें रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणारी एक बाई रोजच्या मिळकतींतून थोडें शिल्लक टाकूं इच्छीत होती. पावसाळ्यापूर्वीं घरावर घालावयास तिला प्लास्टिकचा कागद घ्यावयाचा होता. रक्कम लहान म्हणून बँक खातें उघडीना. ही हकीकत ऐकून चेतना सिन्हा ह्यांनीं तेथील स्त्रियांसह स्वतःचीच बँक काढण्याचें मनावर घेतलें. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनें नाकारला, कारण पुष्कळ बायकांनीं सहीऐवजीं अंगठे उठविले होते. बायका अक्षरें शिकल्या, पुन्हां गेल्या, आणि १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

पुढें व्यवहार यंत्रावर आला, तेव्हां गुप्त आंकड्याची गोष्ट निघाली. बायका म्हणाल्या, आंकडा नको, अंगठाच बरा. आंकडा कोणीही विचारून घेईल आणि आमच्या कष्टाचा पैसा काढून नेईल. वाचकहो, चोर कांहीं दाराशीं येऊन आंकडा विचारीत नाहीं. विचारतो तो, ज्यास नाहीं म्हणणें कठीण, असा जवळचाच मनुष्य. ज्या घरांत हिशेब नको असें म्हणतात, त्याच घरांत पैसा लपवावा लागत असेल, तर तेथें प्रीति आहे कीं धाक?

कोणी म्हणेल, असा हिशेब मांडल्यानें संसाराचें दुकान होईल. ह्या भीतींत तथ्य आहे. पण हिशेब दोन प्रकारचे असतात. वसुलीसाठीं ठेवलेला हिशेब दुकानाचा; कोणाचे श्रम किती हें विसरूं नये म्हणून ठेवलेला हिशेब घराचा. पत्नीनें आपली मिळकत लेकरांच्या पुस्तकांसाठीं खर्चिली, तर तो तिचा त्याग होय. परंतु जें तिचें म्हणून कधीं मानिलेंच नाहीं, तें तिनें दिलें असें कसें म्हणावें? आधीं ज्याचें त्यास द्यावें, मग दानास जागा राहते. हिशेब बुडविणारा मनुष्य पत्नीचा पैसाच घेतो असें नव्हे. तिचा उदारपणाही हिरावून घेतो.

करिंथ शहरीं पौलानें ज्या घरीं राहून काम केलें, तें घर राहुट्या करणाऱ्यांचें होतें. अक्विला व प्रिस्किल्ला ह्या दांपत्याचा उल्लेख नव्या करारांत जेथें येतो तेथें दोघांच्या नांवानें येतो, आणि पुष्कळदां पत्नीचें नांव आधीं. ज्यांचें काम एक होतें, त्यांची ओळखही एक राहिली.

तेव्हां ज्यांनीं माग, शिवणयंत्र किंवा भाता घरीं आणिला असेल, त्यांनीं एवढें करावें. एक वही ठेवावी, व तींत मालाबरोबर प्रत्येकाचे दिवसही लिहावे. बाजाराच्या रात्रीं ती दोघांसमक्ष वाचावी. वाचतां येत नसेल तर लेकराकडून वाचून घ्यावी. कर्ज काढण्यापूर्वीं पत्नीस विचारावें, काढल्यावर कळवूं नये. आणि कोणी विचारलें, हा धंदा कोणाचा, तर "माझा" म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबून चरख्याकडे पाहावें.