खाल्ल्या मिठाचे नाते

आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथांत चोरीला, असत्याला, सूडाला आणि युद्धाला भरपूर पाने मिळाली आहेत. मौजेच्या वाट्याला मात्र थोडीच आली; आणि जी आली त्यांतील बरीचशी तिच्या अतिरेकाविषयी आहेत. वास्तविक माणूस दुःखात जितका उघडा पडतो तितकाच आनंदातही पडतो. कोणाच्या घरी, कोणाच्या जिवावर आणि कोणाला वगळून आपण आनंद करतो, हे प्रश्न नीतीचेच आहेत. तरीही ‘निव्वळ मजा’ हे दोन शब्द आपण अशा सुरात उच्चारतो, की त्यापुढे विचार करण्याजोगे काही उरतच नाही.

हे सारे मनात येण्यास एक निरोप निमित्त झाला. आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब गेली काही वर्षे दक्षिण जर्मनीत राहते. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी, शाळांच्या देवघेवीतून ओळख झालेल्या एका फ्रेंच मैत्रिणीकडे, ऱ्हाईन नदीपलीकडील स्ट्रासबुर्ग शहरात, शुक्रवार संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत राहून आली. त्या दोन दिवसांचा सविस्तर वृत्तान्त तिने येथे आपल्या आजीला मोबाइलवर पाठविला आणि आजीने तो मला वाचावयास दिला. पोहण्याचा तलाव, रात्री दोन वाजेपर्यंत चाललेले पत्ते, फ्रेंच लोक ज्यांना क्रेप म्हणतात ती आपल्या घावनांसारखी पातळ गोड धिरडी (पहिली तीन करपली, चौथे जमिनीवर पडले), आणि नदीवरचा पादचारी पूल. 2004 साली उघडलेल्या या पुलाच्या मध्यावर उभे राहून दोघींनी ‘आता मी तुझ्या देशात, आता तू माझ्या’ असा खेळ पुष्कळ वेळ केला म्हणे. धिरडी आणि तलाव यांच्यामध्ये एकच वेगळे वाक्य आहे. मैत्रिणीच्या घरी जिन्याजवळ तिच्या पणजोबांचे छायाचित्र लावलेले आहे; त्यांच्या अंगावर जर्मन सैन्याचा गणवेश आहे, आणि ते तर फ्रेंच होते! पुढच्याच वाक्यात पुन्हा पोहणे.

“फादर, वाचून बरे वाटले,” आजी म्हणाली, “पण पोर दोन दिवस परक्या देशात राहून आली, ती काही शिकून आली, की नुसती मजाच केली?”

प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो एकट्या आजीचा नाही. आपल्याकडे परदेशी जावयाचे ते शिक्षणासाठी, नोकरीसाठी, आखातात किंवा बोटीवर. ‘परदेश’ या शब्दाला आपल्या घरांत कष्टाचा आणि विरहाचा वास आहे. मजेसाठी सीमा ओलांडणे आपल्या हिशेबात कोठेच बसत नाही. म्हणून ज्या पुलावर त्या मुली खेळल्या, त्याखालून काय वाहून गेले आहे ते थोडे सांगावेसे वाटते.

स्ट्रासबुर्ग शहर 1871 मध्ये फ्रान्सकडून जर्मनीकडे गेले, 1918 मध्ये फ्रान्सकडे परतले, 1940 मध्ये पुन्हा जर्मनांच्या हाती पडले आणि 1944 मध्ये मुक्त झाले. एखादी म्हातारी घर न बदलता चार वेळा देश बदलू शकत होती. ऑगस्ट 1942 पासून त्या आल्सास प्रांतातील आणि शेजारच्या मोझेल भागातील तरुणांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती करण्यात आले. त्यांची संख्या सुमारे 1,30,000 होती आणि त्यांतील बहुतेकांना रशियाच्या आघाडीवर धाडण्यात आले. तेथे त्यांना आजही ‘मलग्रे-नू’, म्हणजे ‘आमच्या मनाविरुद्ध गेलेले’, असे म्हणतात. जिन्याजवळचे ते पणजोबा त्यांच्यापैकीच असावेत.

या वैरातून मार्ग काढताना दोन वृद्ध कॅथलिक पुढाऱ्यांनी काय केले हे आपल्या वाचकांना ठाऊक असण्यासारखे आहे. 8 जुलै 1962 रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गोल आणि जर्मनीचे चान्सेलर आडेनाउअर रँस येथील कथीड्रलमध्ये मिस्साबलिदानास एकत्र उपस्थित राहिले. हेच कथीड्रल सप्टेंबर 1914 मध्ये जर्मन तोफांच्या माऱ्याने पेटले होते, आणि याच शहरात 7 मे 1945 रोजी जर्मनीच्या शरणागतीवर सही झाली होती. पुढे 22 जानेवारी 1963 रोजी दोन्ही राष्ट्रांत एलिझे करार झाला. त्यात संरक्षणाच्या बरोबरीने तरुणांना स्थान होते. त्याच वर्षी 5 जुलै रोजी उभय देशांची एक संयुक्त युवक-संस्था स्थापन झाली, आणि तेव्हापासून तिच्या आधाराने नव्वद लाखांहून अधिक तरुण एकमेकांच्या देशांत जाऊन आले आहेत. कोणी छावण्यांत राहिले, कोणी वसतिगृहांत. शाळकरी मुले बहुधा दुसऱ्या मुलाच्या घरीच उतरतात: त्याच्या टेबलाशी जेवतात, त्याच्या आईचे ऐकतात, त्याच्या कुत्र्याला घाबरतात.

आता खरा पेच येथे आहे. सरकारला समेट हवा असतो. मुलांना पोहावयाचे असते. यांपैकी नैतिक कृती कोणाची? आपण पटकन म्हणू, अर्थातच समेटाची. पोहणे हे केवळ साधन. पण समजा, ती मुलगी मनाशी ‘मी दोन राष्ट्रांच्या सलोख्यासाठी पोहत आहे’ असे घोकत तलावात उतरली असती, तर ती धड पोहली नसती आणि धड मैत्रीणही राहिली नसती. समोरची मुलगी तिला मुलगी म्हणून दिसलीच नसती. ‘फ्रान्स’ म्हणून दिसली असती. माणसाकडे राष्ट्र म्हणून पाहण्यानेच तर त्या पणजोबांच्या अंगावर तो गणवेश चढला. करार करणाऱ्यांचा हेतू कितीही थोर असो, ज्यांच्या हातून तो तडीस जावयाचा त्यांना त्याचा विसर पडला तरच तो तडीस जातो. झोप आणीन म्हणून येत नाही, तसेच हे आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाच्या प्रश्नाला हात घातला आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. आपल्या थोर ग्रंथात ते विचारतात की, खेळातही काही सद्गुण असू शकतो काय? आणि असू शकतो असे उत्तर देतात. तेथे ते एक जुनी कथा सांगतात. संत योहान आपल्या शिष्यांसह खेळत असलेले पाहून काहींना ते रुचले नाही. योहानांनी त्यांतील एका धनुर्धराला बाण सोडावयास सांगितले, आणि मग विचारले की, असे तू सतत करू शकशील काय? धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनुष्याच्या मनाचेही तसेच, असे योहानांचे उत्तर. कथा गोड आहे, पण माझे तिच्याने पुरते समाधान होत नाही. तिच्यात खेळ हा अखेर कामाचा नोकरच ठरतो: दोरी सैल करावयाची ती उद्या पुन्हा ताणण्यासाठी. त्यापेक्षा थॉमस यांनी बोएथियसच्या एका छोट्या ग्रंथावरील भाष्याच्या आरंभी जे म्हटले आहे ते मला अधिक खोल वाटते. ज्ञानाच्या चिंतनाची तुलना ते खेळाशी करतात. कारण खेळात आनंद असतो आणि खेळ दुसऱ्या कशासाठी नसतो, स्वतःसाठीच असतो. चिंतनही तसेच. म्हणजे मनुष्याच्या सर्वांत उंच कृतीसाठी या गंभीर डॉमिनिकन संन्याशाला उपमा सापडली ती मुलांच्या खेळात.

तरी आजीचा प्रश्न संपत नाही. मजा तर समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलातही होते. तेथेही दोन देशांची मुले हसतात, आणि सुटी संपताच एकमेकांची नावे विसरतात. ॲरिस्टॉटलला हे चांगले ठाऊक होते. तरुणांची मैत्री सुखावर उभी असते, म्हणून ती झटकन जुळते आणि झटकन तुटते, असे तो म्हणतो. परंतु त्याच प्रकरणात तो एका जुन्या म्हणीचा दाखला देतो, तिचा आशय असा की एकत्र बसून पुरेसे मीठ खाल्ल्यावाचून माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. वाचताना मराठी माणसाचे कान टवकारतात. मिठाला जागणे हा शब्दप्रयोग आपल्याला कोणी ग्रीकांनी शिकविलेला नाही.

हॉटेल आणि घर यांत फरक आहे तो या मिठाचा. जर्मन घरात संध्याकाळचे जेवण बहुधा लवकर आणि थंड असते: पाव, चीज, मांसाचे काप, लोणच्याची काकडी. फ्रेंच घरात ते उशिरा, गरम आणि संथ असते. रविवारच्या दुपारी त्या घरी तीन तास जेवण चालले, असे मुलीने लिहिले आहे. भूक मेली, पण उठावे कसे हे कळेना! हॉटेलात ती केव्हाच उठून गेली असती. तेथे पाहुण्याच्या सवयीप्रमाणे घर वाकते, कारण त्याने पैसे मोजलेले असतात. येथे पाहुण्याला वाकावे लागते. दुसऱ्याच्या घरातील दिवा कोठे लागतो, स्नानगृहात किती वेळ घ्यावा, पणजोबांच्या चित्राविषयी विचारावे की न विचारावे, हे सारे अंदाजाने ओळखावे लागते. आजी, हे शिक्षण नव्हे तर काय? पण ‘शिक्षण’ हा शब्दही मी येथे जपूनच वापरतो. नाहीतर पुढच्या वेळी आपण त्या पोरीच्या हाती वही देऊन पाठवू.

आपल्याकडे मुले पाहुणी म्हणून जात नाहीत असे नाही. मे महिन्यात मामाचे घर भरलेले असते. पण मामाच्या घरी भाचरांचा हक्क असतो. तेथे ती पाहुणी नव्हेत, वारसच म्हणा ना. परक्याच्या घरी झोपणे ही निराळी गोष्ट आहे. तत्त्वज्ञ कांट यांनी 1795 मध्ये शाश्वत शांततेवर लिहिताना हा भेद नेमका केला. परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रूसारखे न वागविले जाण्याचा हक्क आहे, असे ते मानतात. परंतु हा भेट देण्याचा हक्क झाला. पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क कोणालाच नाही. त्यासाठी यजमानाचा खास, स्वेच्छेचा करार हवा, ज्याने परका काही काळापुरता घरचा होतो. म्हणजे स्ट्रासबुर्गमध्ये त्या मुलीला जे मिळाले ते कोणतेही राष्ट्र तिला देऊ शकत नव्हते. तिच्यासाठी मैत्रिणीचा धाकटा भाऊ दोन रात्री दिवाणखान्यातील कोचावर झोपला. फ्रेंच भाषेत पाहुणा आणि यजमान या दोघांना एकच शब्द आहे, ‘ओत’. त्याचे मूळ जे लॅटिन ‘होस्पेस’, त्याचीही तीच गत. आणि परका असा मूळ अर्थ असलेला त्याचा भाऊबंद ‘होस्तिस’ पुढे शत्रू या अर्थाने रूढ झाला. एका मुळाच्या दोन फांद्या, आणि मधे काय असेल तर तो कोच.

आता एक आक्षेप घेता येईल. ही तर फेड आहे. आज ती तिकडे गेली, उद्या ती मैत्रीण इकडे येणार. संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतात की, मेजवानीला परतफेड करू न शकणाऱ्यांना बोलवा. देवघेवीच्या पाहुणचाराला मग काय किंमत? मला वाटते, आक्षेप अर्धा खरा आहे. पाळीपाळीने पाहुणा आणि यजमान होण्यात मुले एक दुर्मिळ गोष्ट अनुभवतात: घेणाऱ्याचा संकोच आणि देणाऱ्याची गैरसोय, दोन्ही एकाच वर्षात. फक्त देतच राहिलेल्या माणसाच्या अंगी एक प्रकारचा उद्धटपणा येतो, तो त्यांना शिवत नाही. आक्षेपाचा उरलेला अर्धा मात्र बोचतो. ज्या मुलाच्या घरी पाहुण्याला देण्यास कोच नाही, ते मूल अशा देवघेवीसाठी आपले नाव देतानाच कचरते. आणि काहींना तर घरच नसते.

फ्रान्समध्ये राहणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलाला पालकांवाचून देशाबाहेर जावयाचे असल्यास जानेवारी 2017 पासून पालकाच्या सहीचा एक कागद जवळ बाळगावा लागतो. मैत्रीण जर्मनीस येईल तेव्हा तो तिच्या पिशवीत असेल. एका आईने सही करावयाची आणि दुसऱ्या आईने अंथरूण घालावयाचे, असा हा विश्वास आहे. त्याच्या काही महिनेच आधी, ऑक्टोबर 2016 मध्ये, त्याच फ्रान्सच्या कॅले बंदरालगतची निर्वासितांची वस्ती हटविण्यात आली. तेव्हा तेथे एकाकी आलेली हजाराहून अधिक अल्पवयीन मुले होती. अफगाणिस्तानातील, सुदानमधील, एरिट्रियातील. त्यांच्यापाशी कोणाची सही नव्हती आणि त्यांच्यासाठी कोणी कोचावर झोपले नव्हते. कांट यांनी सांगितलेला भेट देण्याचा हक्कसुद्धा त्यांना मागून मिळत नव्हता.

कोणी म्हणेल, त्या मुलांची आठवण ठेवून या मुलीने पोहू नये. मी तसे म्हणणार नाही. तिच्या आनंदाने कोणाचे अंथरूण हिरावले गेले नाही, आणि तिने मान खाली घातल्याने कॅलेत एकही खाट वाढली नसती. प्रश्न तिचा नाही. ज्यांच्या हाती किल्ल्या आहेत त्यांचा आहे. आपल्या वसईत कितीतरी घरांचे वरचे मजले आज बंद आहेत. मुले कॅनडात, आखातात, ऑस्ट्रेलियात. घरभेटीच्या वेळी मला त्या खोल्या आवर्जून दाखविल्या जातात, पलंगावर प्लॅस्टिकचे आच्छादन असते. सुटीत येथे कोण राहावयास येते, असे मी हल्ली विचारतो. भाचे, पुतणे, विहीण यांची नावे निघतात. नात्याबाहेरचे नाव आजवर दोनच घरांत ऐकले.