टेबलाच्या पलीकडची माई



गेल्या महिन्यातली गोष्ट. आम्ही तालुक्याच्या एका कार्यालयात टेबलावर बसतो. दुपारचा एक वाजायला आला होता. एक म्हातारी माई गावाहून बसने आलेली, पेन्शनचे कागद घेऊन. एक कागद कमी होता. आम्ही मान वर न करताच म्हटलं, "हे चालत नाही, उद्या या." काय कमी आहे तेसुद्धा सांगितलं नाही. माईने कागद पिशवीत भरले, "बरें पुता," म्हणाली आणि गेली.

त्याच गुरुवारी भजनानंतर आम्ही प्रसाद वाढत होतो. सवयीने वाकलो, दोन्ही हातांनी द्रोण पुढे केला, "घ्या माई" म्हटलं. पाहतो तर तीच! तिनेही ओळखलं. एक शब्द बोलली नाही, प्रसाद कपाळाला लावला. आमच्या घशाखाली मात्र तो उतरेना.

माई तीच, आम्ही तेच. मग बदललं काय? मधे फक्त टेबल होतं.

मन लगेच म्हणालं, नियम तर आपण पाळला ना? खरं आहे. दया म्हणजे नियम मोडणं नव्हे. आज तिच्यासाठी मोडला तर उद्या ओळखीच्या माणसासाठी मोडू, आणि ज्याची कुणाशी ओळख नाही तो रांगेतच राहील. पण "नाही" म्हणण्याच्याही दोन रीती आहेत. तिला खुर्ची देऊन, कमी असलेल्या कागदाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं असतं तर नियम तोच राहिला असता, आणि तिची पुढची खेप वाया गेली नसती. आमची फार तर दोन मिनिटं गेली असती.

साहेब आले की आपण उठून उभे राहतो, आवाज आपोआप मऊ होतो. ते सौजन्य की भीती? जो आपलं बरंवाईट काहीच करू शकत नाही, त्याच्याशी आपण कसं बोलतो तिथे खरी परीक्षा.

ही परीक्षा फक्त सरकारी टेबलावरच होते असं नाही. जानेवारी 2023 पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला, पेडण्यातली आपली मुलं तिथे पाळीवर जातात. कुणी तुयेच्या, कुणी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. सुपरवायझर नव्या मुलाला दहाजणांसमोर ओरडला, तर मुलगा तो राग घरी घेऊन येतो. चूक दाखवायलाच हवी. पण ती बाजूला घेऊन दाखवता येते. गीतेच्या 17व्या अध्यायात वाणीचं तप सांगितलं आहे: बोलणं खरं असावं, हिताचं असावं, प्रिय असावं आणि कुणाला न बोचणारं असावं. नुसतं खरं बोलून भागत नाही, नुसतं गोड बोलूनही नाही.

विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते संत सोहिरोबानाथ आंबिये बांद्याचे कुलकर्णी, म्हणजे आपल्यासारखेच दप्तर सांभाळणारे. त्यांची कथा आपण ऐकली आहे. सावंतवाडीहून दरबाराचं बोलावणं आलं म्हणून ते निघाले. वाटेत फणस फोडून खायला बसले, तोच एका अनोळखी साधूने थोडं मागितलं. घाई होती, वरचा हुकूम होता, "उद्या या" म्हणायला कारण होतं. त्यांनी गरे दिले. तो साधू म्हणजे गहिनीनाथ, असं कथा सांगते. आपल्या टेबलासमोर कोण उभं आहे, हे आपल्याला तरी कुठे ठाऊक असतं?

या आठवड्यात एवढंच करूया. समोरच्याकडे मान वर करून पाहूया. "नाही" म्हणावं लागलं तर पुढे काय करायचं तेही सांगूया. कामाच्या जागी झाडू मारणाऱ्या ताईचं नाव विचारूया. आणि रात्री जेवताना घरात सगळ्यांनी एकमेकांना विचारूया, आज आपल्यामुळे कुणाची खेप वाचली?

ती माई परत आली तेव्हा आम्ही उठून खुर्ची दिली. माफी मागायला शब्द जुळेनात. ती पुन्हा तेच म्हणाली, "बरें पुता."

जय गुरुदेव.